नकाशामागचं निशाण

१

नकाशा जागच्या जागी होता. मागचं निशाण तेवढं गेलं होतं.

नेवेना मास्तरीणबाईंनी युरोपचा तो भलामोठा नकाशा खिळ्यावरून उतरवला, पालथा केला आणि त्या मटकन खाली बसल्या. वसंतभर खपून त्यांनी हिरव्या रेशमावर सोनेरी सिंह भरला होता. ते रेशीम नकाशाच्या पाठीला टाचून वरून जाड मांजरपाटाचं अस्तर शिवलं होतं. सरकारी तपासनीस त्या नकाशासमोर उभा राहून छडीनं मुलांना सरहद्द दाखवून गेला होता, आणि ती सरहद्द पुसायला निघालेलं निशाण त्याच्या छडीपासून बोटभर अंतरावर होतं. आता अस्तराची एक कड उसवलेली होती आणि आत काहीच नव्हतं.

साल अठराशे पंच्याऐंशी, सप्टेंबरचे पहिले दिवस. सात वर्षांपूर्वी बड्या राष्ट्रांनी बर्लिनमध्ये बसून बल्गेरियाचे तुकडे केले होते. उत्तरेकडच्या तुकड्याला आपला राजा मिळाला, दक्षिणेकडचा पूर्व रुमेलिया सुलतानाच्या छत्राखाली राहिला. यासेनोवो दक्षिणेत होतं. गावोगावी गुप्त मंडळं उभी राहिली होती, बंदुका भिंतींत लिंपून ठेवल्या होत्या, आणि मेरीमातेच्या जन्मदिवसाच्या जत्रेत निशाण फडकवून प्लोवदिववर चालून जायचं ठरलं होतं. जत्रा अगदी तोंडावर आली होती.

नेवेना धावत मानोल त्सानेवकडे गेली. मानोल लोकरीचा व्यापारी आणि मंडळाचा म्होरक्या. त्यानं ऐकून घेतलं आणि दोन गडी पाठवून औषधवाल्या ल्युबेनला दुकानातून उचलून आणलं. ल्युबेनच्या बहिणीचा नवरा मेतोदी सरकारी पलटणीत कप्तान होता. मानोलला एवढा पुरावा पुरला. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की फितुराचा निकाल लावायचा, असं त्यानं जाहीर केलं. निकाल म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

२

पारास्केवा अंगणात मिरच्या भाजत होती, तेव्हा नेवेना फाटकातून आत शिरली. पारास्केवा ही पाद्री गेरासिमची बायको. गावातली माणसं आत्म्यासाठी पाद्रीबाबांकडे जात आणि हरवलेल्या वस्तूंसाठी पाद्रीणबाईंकडे. देवळातला चांदीचा दिवा चोरीला गेला होता तेव्हा तिनं चार घरी बसून नुसत्या गप्पा मारल्या आणि पाचव्या घरातून दिवा घेऊन आली.

“काकू, ल्युबेन मरेल,” नेवेना म्हणाली. “आणि त्यानं काही केलं नसेल, तर ते माझ्यामुळे होईल.”

मग सगळं बाहेर पडलं. पारास्केवानं ऐकताना एकही मिरची करपू दिली नाही. निशाण कोण धरणार, हे तिला ठाऊक होतं. तिचा नायदेन. एकोणीस वर्षांचा. नऊ वर्षांपूर्वीच्या उठावात थोरल्या वेल्कोनं असंच निशाण धरलं होतं आणि गावामागच्या टेकाडावर पहिल्याच फैरीत तो पडला होता. निशाण गेलं म्हटल्यावर तिच्या मनात पहिल्यांदा आली ती सुटका. दुसऱ्यांदा आली ती शरम. तिनं हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि ती निघाली.

शाळा उघडायची होती म्हणून आदल्या दिवशी भिंतींना चुना मारला होता. बाकं बाहेर उन्हात उभी होती. जमिनीवर चुन्याच्या ओल्या थारोळ्यात शंभर पावलं उमटली होती, त्यांतून काही कळण्यासारखं नव्हतं. नकाशाचा खिळा मात्र फार उंच होता. मुलं ओढतात म्हणून नेवेनानं तो मुद्दाम वर ठोकून घेतला होता.

पारास्केवानं विचारलं, नकाशा काढताना तू कशावर चढलीस? नेवेना म्हणाली, दारातल्या दोबा आजींची तिवई आणली. भिंतीपाशी ओल्या चुन्यात तिवईचे ते तीनच गोल ठसे होते. दुसऱ्या कशाचेही ठसे नव्हते.

मग तिनं अस्तर पाहिलं. कापलेलं नव्हतं, फाडलेलं नव्हतं. एकेक टाका सावकाश उसवला होता. आणि नकाशाच्या कडेवर पिवळ्या मेणाचा एक थेंब गोठला होता.

“सकाळी ही दारं-खिडक्या उघडी होती?”

“सताड. चुना वाळायला हवा ना.”

खिडक्या दक्षिणेला होत्या. ऊन थेट भिंतीवर पडलं होतं, इतकं लख्ख की डोळे दिपत होते. अशा उन्हात मेणबत्ती कुणी लावली, आणि कशाला?

३

निशाणाची जागा चौघांनाच माहीत होती. नेवेना, मानोल, ल्युबेन आणि स्पास शिंपी. नायदेनलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी नेवेनानं अस्तरावरून हात फिरवला तेव्हा रेशीम आत होतं. म्हणजे जे झालं ते आज सकाळीच, ती बाजारात गेली असताना.

शाळेची राखण दोबा आजी करायची. ती दारातच बसलेली होती, पांढरा रुमाल कपाळापर्यंत ओढलेला. सकाळी कोण कोण आलं, असं विचारल्यावर तिनं बोटांवर मोजून सांगितलं. मानोल आला, चुन्याच्या बादलीला अडखळला आणि बादलीलाच शिव्या देऊन गेला. ल्युबेन तिच्या गुडघ्याचं तेल घेऊन आला आणि आत जाऊन पाणी प्यायला. स्पास पडद्यांचं माप घ्यायला आला.

“परकं कुणी?”

“परक्याला मी आत सोडीन? मला काय कमी दिसतं?” आजी फणकारली. तिच्या रुमालाला तुळशीचं एक ओलं पान चिकटलं होतं. पारास्केवानं ते सहज उचलून टाकलं आणि ती पुढे निघाली.

स्पास शिंपी दुकानात पाय दुमडून बसला होता. वयानं आणि शिलाईनं तो कोयत्यासारखा वाकलेला. पाद्रीणबाईला पाहताच त्याचा चेहरा पांढरा पडला. तो आपण होऊन सांगू लागला की तो भितो, रात्री झोपत नाही, मंडळात नाव घातल्याचा त्याला रोज पश्चात्ताप होतो. पण निशाणाला हात लावला नाही. पारास्केवानं त्याला कपाटावरची कापडाची गुंडाळी काढून दाखव म्हटलं. त्यानं काठी घेतली आणि काठीनंच ती खाली पाडली. खांद्याच्या वर त्याचा हात जाईना.

तिवईशिवाय तो त्या खिळ्यापर्यंत पोचला नसता. तिवई तर चोरानं आणलीच नव्हती.

मानोल मात्र उंच होता. त्याला धरून तेवढे उंच दोनच पुरुष गावात होते.

४

मानोलच्या लोकरीच्या कोठाराबाहेर दोन गडी कुऱ्हाडी घेऊन बसले होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही, दार ढकललं. ल्युबेन पोत्यांच्या मध्ये हात बांधून बसवलेला. तो इतका बुटका होता की दुकानातली वरची बरणी काढायला शिडी लावायचा.

“या पाद्रीणबाई,” तो म्हणाला, “मानोलदादांनी सोय उत्तम केलीय. लोकरीत बसलोय, थंडी वाजत नाही.” पण त्याचे ओठ कोरडे होते. त्यानं सांगितलं की मेतोदीशी त्याचं दीड वर्ष बोलणं नाही, बहिणीच्या हुंड्यातल्या घोडीवरून भांडण झालं. मग हळूच म्हणाला की त्याच्या बायकोला अजून काही कळवलेलं नाही, आणि ती गरोदर आहे.

मानोल अंगणात उन्हात बसून पोत्याचं तोंड शिवत होता. दाभण नव्हे, साधी सुई होती. दोरा संपला तसा त्यानं दुसरा घेतला आणि बोलता बोलता, सुईकडे धड न बघता, पहिल्या फटक्यात ओवला. पारास्केवाची नजर त्या सुईवर खिळून राहिली. अशा डोळ्यांना उन्हात मेणबत्ती लागली नसती.

“मानोल, एक सांग. तू फितूर असतास तर काय केलं असतंस?”

“तोंड सांभाळून बोल, पाद्रीणबाई.”

“नाही, पण सांग. फितुराला शाबासकी कशाची मिळते? निशाणाची? निशाण त्यानं जागच्या जागी ठेवलं असतं आणि शिपाई आणून उभे केले असते. नकाशाच्या मागे निशाण, मास्तरीणबाईंच्या हातचे टाके, समोर तुम्ही चौघं. निशाण काढून नेलं की पुरावाच गेला. फितूर स्वतःचा पुरावा कशाला पळवेल?”

मानोलची सुई थांबली.

“आणि नेताना त्यानं नकाशा परत टांगला. का? ज्याला मास्तरीण तुरुंगात जायला हवी होती, तो एवढा जपून वागेल? ज्यानं नेलं, त्याला तुमच्यापैकी कुणाचा केस वाकडा व्हायला नको होता. त्याला फक्त जत्रेचा दिवस टळायला हवा होता.”

“मग कोण तो?”

ते तिला माहीत नव्हतं. तिनं घंटेपर्यंतचा वेळ मागितला. मानोल म्हणाला, घंटेपर्यंत. त्यापुढे नाही.

तेवढ्यात रस्त्यावर टापांचा आवाज झाला. फेसाळलेल्या घोड्यावरून एक माणूस अंगणात शिरला आणि खोगिरावरूनच त्यानं सांगितलं की शेजारची गावं उठली आहेत. मंडळातल्या माणसांना पकडायला शिपाई सुटलेत. जत्रेची वाट पाहायची नाही. आजच, आत्ताच निघायचं. सगळी गावं उद्या पहाटे प्लोवदिवच्या वेशीवर हवीत.

आता घंटेपर्यंतही वेळ नव्हता. मानोल ओरडून माणसं गोळा करू लागला, आणि जाता जाता कोठारापुढच्या गड्याला म्हणाला, निघण्याआधी आतला हिशेब संपवा.

५

पारास्केवा कोठाराच्या दारात आडवी उभी राहिली. ती म्हणाली, पाद्र्याच्या बायकोला बाजूला सारायची हिंमत असेल त्यानं पुढे यावं. गडी एकमेकांकडे पाहू लागले. नेवेना गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आली, आणि पारास्केवानं तिचं मनगट धरलं.

“नेवेना, त्या तिघांशिवाय तू कुणाजवळ बोललीस? नीट आठव.”

“कुणाजवळ नाही, काकू. आईची शपथ. माणसाजवळ अवाक्षर बोलले नाही.”

माणसाजवळ. शब्द कानावरून गेला आणि पुन्हा फिरून आला. माणसाजवळ नाही, तर कुणाजवळ? ऑगस्टच्या उपासात गावातल्या सगळ्या बायका देवळात पापं कबूल करायला रांगेनं उभ्या होत्या. नेवेना तिच्या पुढेच होती. नकाशावरून सरकारी तपासनिसाला तोंडावर खोटं सांगितलं, हे पाप तिच्यासारखी पोर मनात ठेवून राहिली असती का? तिनं ते देवाला सांगितलं होतं. पण देवाच्या वतीनं ऐकायला तिथं एक जण बसला होता.

मग बाकीचं आपोआप एकामागून एक येत गेलं. दोबा आजीच्या रुमालावरचं ओलं पान. नव्या महिन्याचं पवित्र पाणी तुळशीच्या जुडीनं घरोघरी शिंपडत जो फिरतो, त्याला आजी येणाऱ्या-जाणाऱ्यांत कशाला मोजेल? गावातला मानोलएवढा दुसरा उंच पुरुष. आणि भर दुपारी, खिडकीशी बसूनसुद्धा, पुस्तकाच्या पानाशी मेणबत्ती धरल्याशिवाय ज्याला अक्षर दिसत नाही, असा यासेनोवोत एकच माणूस होता. तिच्या ताटासमोर रोज बसायचा.

कुणाला वाचवायचं आणि कुणाला पुढे करायचं, हा विचार करायलाही सवड नव्हती.

“इथून हलू नकोस,” ती नेवेनाला म्हणाली. “कुणी आत आलं तर चाव त्याला.”

६

देवळात गार होतं. पाद्री गेरासिम वेदीच्या पडद्यापुढच्या पायरीवर बसला होता, मांडीवर हिरवं रेशीम. शेजारी निखाऱ्यांची शेगडी केव्हाची विझून राख झाली होती. बायको आत आली तरी त्यानं मान वर केली नाही.

“मी कुणाला काही बोललो नाही, पारास्केवा,” तो म्हणाला. “जे ऐकलं ते ओठावर आणलं नाही. फक्त पाय तिकडे गेले. पण देवापुढे ते एकच आहे, हे मला कळतं.”

“जाळायला आणलं होतंस?”

“हो. पहिली गोळी निशाणवाल्याला लागते. एक मुलगा दिला. दुसरा देणार नाही, असं ठरवलं होतं.” त्यानं रेशमावरून बोटं फिरवली. “मग हे हाताला लागलं. डोळ्यांना दिसत नाही मला. तू बघ.”

तो सिंहाच्या आयाळीवर बोट ठेवून होता. सोनेरी धाग्यात सोनेरी धाग्यानंच, कुणाला दिसू नये इतकी बारीक अक्षरं भरली होती. लांबून आयाळच वाटली असती. पारास्केवानं कापड दाराकडच्या उजेडात नेलं आणि वाचलं. वेल्को.

ती तिथंच उभी राहिली. गावानं नेवेनाला नऊ वर्षं नावं ठेवली होती. एवढी शिकलेली, एवढी देखणी, आणि मागणी येईल त्याला नकार. पारास्केवानं स्वतः दोन स्थळं नेली होती आणि दोन्ही वेळा रागानं परत आली होती. पोरीनं त्याच्याबद्दल कधी तोंड उघडलं नव्हतं. तिचं ते जीव लावणं वेल्को संगतीनं घेऊन गेला होता, आणि त्याच्या आईबापाला त्याचा पत्ता नव्हता.

“ल्युबेनला कोठारात मारताहेत,” ती म्हणाली. “तुझ्यामुळे.”

गेरासिमला हे ठाऊक नव्हतं. तो ताडकन उठला, इतका झपाट्यानं की शेगडी कलंडली आणि राख पायरीभर उडाली.

७

चौकात सारा गाव लोटला होता. बंदुका, कुऱ्हाडी, दोन जुन्या तलवारी, आणि ढोल बडवणारे वेडे झालेले. कोठाराच्या दारात नेवेना हात पसरून उभी होती. पाद्री गेरासिम गर्दीतून सरळ आला. त्याच्या हातात हिरवं रेशीम पाहून ढोल एकेक करून थांबले.

“निशाण मी नेलं होतं,” तो म्हणाला. “ल्युबेननं नाही. कुणीच फितूर नाही तुमच्यात. मी भ्यालो होतो.”

मानोलनं विचारलं, जागा तुम्हाला कुणी दाखवली. कबुलीत ऐकलेलं पाद्र्याला कुणाला सांगता येत नव्हतं आणि खोटंही बोलता येत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. तेव्हा नेवेना म्हणाली की पाद्रीबाबांना ते तिच्याच तोंडून कळलं, आणि आणखी कुणाला काही विचारायचं असेल त्यानं तिला विचारावं. मानोलनं कुणाला काही विचारलं नाही. तो कोठारात गेला, स्वतःच्या चाकूनं ल्युबेनच्या दोऱ्या कापल्या आणि मान खाली घालून म्हणाला, माझ्या थोबाडीत मार. ल्युबेन म्हणाला, हात पोचत नाही, दादा, तुम्ही खाली बसा. तिथं एवढा हशा पिकला की ढोल पुन्हा सुरू झाले.

निशाण काठीला चढलं, तसा नायदेन ते घ्यायला पुढे आला. बापानं काठी सोडली नाही.

“मी धरणार.”

“बाबा, तुम्हाला रस्ता दिसत नाही.”

“तू कोपर धर माझं. रस्ता तू बघ, निशाण मी बघतो.”

आणि गाव निघालं. पारास्केवाला घरी राहायला सांगणारे तिघे भेटले, ती तिघांनाही ओलांडून पुढे गेली. बायकांच्या घोळक्यात ती नेवेनाच्या शेजारून चालत होती. बोलावंसं वाटत होतं आणि शब्द सापडत नव्हता. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं उन्हात पिवळी पडली होती, आणि शेतांतून माणसं विळे टाकून रांगेत येऊन मिळत होती.

स्त्र्यामा नदीच्या पुलावर पलटण उभी होती. संगिनी लावून, पूल आडवा अडवून. पुढे घोड्यावर कप्तान मेतोदी. तो ओरडून म्हणाला, थांबा, नाहीतर गोळी घालीन. सगळे थांबले. एकटा पाद्री गेरासिम थांबला नाही, कारण त्याला पलटण दिसतच नव्हती, आणि नायदेननं त्याला सांगितलं नाही. बाप आणि मुलगा निशाणाखाली तसेच चालत राहिले. पारास्केवानं डोळे मिटले नाहीत. तिनं नेवेनाचा हात धरला आणि तो दुखेल एवढा आवळला.

त्या दोघांना मागे टाकून एक बुटका माणूस पळत पुलावर गेला.

“मेतोदी,” ल्युबेन धापा टाकत म्हणाला, “ती घोडी राहू दे तुझ्याकडे. दिली तुला. पण या म्हाताऱ्याला मारलंस तर माझी बहीण तुला घरात घेणार नाही, हे लिहून घे.”

रांगेतला एक शिपाई फिसकन हसला. मग दुसरा. कप्तान मेतोदी निशाणाकडे पाहत राहिला. सकाळपासून मिळालेले हुकूमच त्याला नकोसे झाले असावेत. त्यानं टोपी काढली, घोडा वळवला आणि पलटणीला हुकूम सोडला. संगिनी उतरल्या. पलटण बाजूला झाली नाही, ती वळली आणि निशाणाच्या पुढे प्लोवदिवच्या दिशेनं चालू लागली. गावानं जो जल्लोष केला त्यानं नदीकाठचे सगळे बगळे एकदम उडाले.

दुसऱ्या सकाळी प्लोवदिव रक्ताचा थेंब न सांडता हाती आलं. मग युरोपभर तारा सुटल्या, बडी राष्ट्रं संतापली, सुलतानानं सैन्य हलवलं नाही आणि नोव्हेंबरात सर्बियानं मात्र चढाई केली. नायदेन त्या लढाईत बर्फातून लढला आणि लंगडत का होईना, घरी आला. पण ते सगळं अजून पुढे होतं. त्या क्षणी पुलावर माणसं रडत होती, हसत होती, शिपायांना मिठ्या मारत होती, आणि नेवेना एकटीच कठड्याला टेकून पुढे जाणाऱ्या हिरव्या निशाणाकडे बघत होती. वारा सुटला होता, सिंहाची आयाळ सळसळत होती.

पारास्केवा तिच्याजवळ गेली. तिच्या डोक्यावरचा रुमाल घसरला होता तो तिनं दोन्ही हातांनी नीट केला.

“चल, सूनबाई,” ती म्हणाली. “मागे राहिलो आपण.”